आरशातली टिटवी

बाळासो आण्णांच्या गाडीत बसलेल्या माणसाने घड्याळाकडे बघू नये, खिडकीबाहेर बघावं. कंडक्टर म्हणून नोकरीला लागलो आणि पहिल्याच आठवड्यात मला हे कळलं. तासगावहून सुटलेली आमची एस.टी. द्राक्षबागा आणि बेदाण्याची शेडं मागं टाकून पूर्वेच्या माळाला लागली, की मधेच थांबायची. तिथं थांबा नसायचा, हात केलेला माणूस नसायचा, मी घंटी मारलेली नसायची. मी दारातून डोकं काढून विचारायचो, "काय झालं आण्णा?"

"घोरपड चाललीया. जाऊ दे की तिला."

घोरपडीला कुठं लग्नाला जायचं नसतं. ती रस्त्याच्या मधोमध येते, जीभ काढून हवा चाखते, आपण कुठं निघालो होतो ते आठवते आणि मग सावकाश पुढं सरकते. तोवर पन्नास माणसांची गाडी धडधडत उभी. एखादा नवखा प्रवासी कुरकुरला तर पुढच्या सीटवरची म्हातारी त्याला सांगायची, "थांब बाबा जरा. बाईमाणूस हाय, तिला अर्धं तिकीट हाय."

आण्णा घोरपडीला थांबायचे, मुंगसाच्या बिऱ्हाडाला थांबायचे, आणि होल्यांची जोडी रस्त्यात दाणे टिपत बसली असली तर पहिल्या गिअरवर त्यांच्या मागनं वरातीसारखी गाडी चालवायचे. तरीही गाडी पोचायची वेळेवरच. हे कसं जमतं, मी एकदा विचारलं.

"बाकीचे डायवर फाट्यावर च्याला थांबत्यात. आपुन घोरपडीला थांबतो. हिशेब तेवढाच."

बाळासो आण्णा मूळचे आष्ट्याचे. घरी ऊस, तो भाऊ बघतो. पोरगा मिलिटरीत. अंगानं आडवे, मिशा भरघोस, आणि आवाज असा की गाडीचा हॉर्न बिघडला तरी चाललं असतं. पण प्राण्यापाखरांविषयी बोलायला लागले की हाच आवाज बाळंतिणीच्या खोलीतल्यासारखा खाली यायचा. मला ते मास्तर म्हणायचे. एस.टी.त कंडक्टरला मास्तरच म्हणतात, त्यात विशेष काही नाही. विशेष इतकंच की मी डी.एड. होऊन शाळेतल्या मास्तरकीची वाट बघत बसलो होतो, आणि शेवटी मला मास्तर केलं ते एस.टी.नं. फोनवर बोलताना मागून कुणी "मास्तर" अशी हाक मारली की माझ्या आईला अजून बरं वाटतं.

आमची ड्यूटी कोकरेवाडीची, मुक्कामी. म्हणजे संध्याकाळी जायचं, गाडीनं आणि आपण रात्री तिथंच राहायचं, आणि सकाळी कॉलेजची पोरं, बाजारची माणसं घेऊन परतायचं. डेपोत ही ड्यूटी कुणालाच नको असते. वाडीत मोबाईलला रेंज नाही, हॉटेल नाही, टीव्ही बघायचा तर कुणाच्या तरी उंबऱ्याशी चप्पल काढून बसायचं. आण्णांची सर्व्हिस एवढी झालेली, की त्यांनी पुण्याची गाडी मागितली असती तरी मिळाली असती. पण ते दरवेळी कोकरेवाडीच मागून घ्यायचे. त्यावर डेपोत बऱ्याच कथा होत्या. कोण म्हणे, तिकडं त्यांनी गुपचूप जमीन घेतलीय. कोण म्हणे, घरात बायकोशी पटत नाही. पहिल्या मुक्कामाला मीही कान टवकारूनच गेलो. उलगडा झाला, पण तो इतका साधा निघाला की डेपोत सांगितला असता तर कुणाचा विश्वास बसला नसता.

कोकरेवाडीचा रस्ता शाळेवरून पुढं येतो आणि बिरोबाच्या देवळाजवळच्या माळावर संपतो. तिथं गाडी गोल वळायची आणि कडेच्या लिंबाखाली उभी राहायची. माणसं उतरून गेल्यावर आण्णा गाडी उगाच जरा मागं, जरा पुढं, परत मागं करत राहिले. मला वाटलं, उतार बघत असतील. मग इंजिन बंद केलं, खाकी शर्ट काढून खुंटीला अडकवला, बनियनवर परत आपल्या सीटवर बसले आणि खिडकीतून हात काढून उजवीकडचा मोठा आरसा हळूहळू फिरवला.

"या मास्तर. बसा हितं. बोलायचं न्हाई."

आरशात मागची दगडांची रास दिसत होती. राशीच्या बुडाशी एक खोकड बसलं होतं, शेपटी पायाशी गुंडाळून, आणि त्याच्या अंगावर दोन पिल्लं कुस्ती खेळत होती. मी वळून बघणार तेवढ्यात आण्णांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"वळू नको. वळून बगितलं की त्यांस्नी वाटतं, ह्याचं आपल्याकडं काम हाय. आरशात बघ. आपली पाठ दिसली की कोण भीत न्हाई."

ड्रायव्हरला आरसा देतात तो मागून येणाऱ्या गाड्या बघायला. कोकरेवाडीत मागून येणारी गाडी म्हणजे आमचीच, उद्याची. तेव्हा मुक्कामाला आरसा मोकळाच असायचा आणि आण्णा त्याला दुसरं काम लावायचे. उजव्या आरशात खोकडाचं बिऱ्हाड. डाव्या आरशात देवळाच्या भिंतीतलं भोक, आणि भोकात पिंगळ्याची जोडी. दिवेलागणीला पिंगळा बाहेर यायचा, मान खालीवर करून आमच्या गाडीला नमस्कार केल्यासारखं करायचा आणि कामाला जायचा. थिएटरात एक पडदा असतो, आमच्याकडं दोन होते.

ह्या थिएटरचा चहा यायचा दगडाबाईकडून. दगडाबाई कोकरे, माळाला लागूनच तिचं घर. दिवाळी झाली की तिची पोरं मेंढरं घेऊन कृष्णाकाठाला जगायला जातात, पावसाच्या तोंडावर माघारी येतात. तोवर घर, दोन शेळ्या आणि अख्खी वाडी ही म्हातारी एकटी सांभाळते, असं तिचं मत आहे आणि वाडीचंही. शेळीच्या दुधाचा चहा, भाकरी, खरडा, आणि सोबत आण्णांशी भांडण, एवढं ती रोज घेऊन यायची.

"ए डायवर, तुझ्या आरशात मी पण दिसती का रं?"

"दिसती की. म्हातारं खोकड दिसतं."

"मुडद्या, उद्या च्या न्हाई तुला."

दुसऱ्या दिवशी चहा असायचाच. खाऊन झालं की आण्णा गाडीच्या टपावर वळकटी टाकायचे. माळावरचं वारं टपावर जरा लवकर थंड होतं. एखादा रातवा पक्षी, दगड दगडावर आपटावा तसा, एका लयीत बोलायला लागला की म्हणायचे, "ह्याची ड्यूटी सुरू झाली, आपली संपली." आणि घोरायला लागायचे. पहिले काही दिवस मी मोबाईल आकाशाकडं धरून रेंज शोधायचो. मग केव्हातरी सोडून दिलं. सकाळी तोंड धुताना चितूर पाखरू ओरडलं नाही तर मलाच चुकल्यासारखं व्हायला लागलं. ही लागण आहे, आणि ती आण्णांकडूनच झाली, हे मी मान्य करतो.

ह्या उन्हाळ्यात आण्णा रिटायर होणार होते. मे अखेर. वाडीला ते माहीत होतं. दगडाबाईचा पुतण्या पप्पू हा तिथला उत्साही माणूस. गणपती असो, क्रिकेटचा सामना असो, वर्गणी त्याच्याकडं. तो मला बाजूला घेऊन हळूच म्हणाला होता, "आण्णास्नी फेटा बांधायचा हाय आमाला. हलग्या सांगितल्यात. बोलू नका." मी बोललो नाही. पण आण्णांना कळलं असावं, कारण त्या दिवसापासून ते मिशांना जरा जास्त तेल लावायला लागले.

आणि अशात ती टिटवी मधे आली.

संध्याकाळी माळावर गाडी नेहमीसारखी वळत होती आणि आण्णांनी असा ब्रेक मारला की तिकिटाचं मशीन माझ्या हनुवटीवर आपटलं. समोर, पुढच्या चाकापासून हातभर अंतरावर, टिटवी उभी. दोन्ही पंख पसरलेले, पिवळ्या काड्यांसारखे पाय जमिनीत रोवलेले, चोच चाकाकडं. तिच्यासमोर आमचा अख्खा लाल डबा धडधडत होता आणि ती तसूभर हलत नव्हती.

आण्णांनी इंजिन बंद केलं. खाली उतरून वाकून बघितलं. तिच्या मागं खडीत उथळ खळगा, आणि खळग्यात चार अंडी. टोकं आत, दगडांच्याच रंगाची. नजर हलवली की परत सापडायची नाहीत.

"मास्तर, मागं जा. गाडी सरळ मागं घ्यायची. शाळंपातूर."

तेव्हापासून आमची उलटी वारी सुरू झाली. रोज शाळेपाशी गाडी वळवायची आणि तिथून माळावरच्या लिंबापर्यंत रिव्हर्समध्ये आणायची. रस्ता असा की दोन्ही बाजूंनी बाभळीच्या काट्यांचं कुंपण, सायकलवाला समोरून आला तर एकानं आत दबून उभं राहायचं. मी मागं शिट्टी फुंकत, हात हलवत, "येऊ द्या, येऊ द्या" करत उलटा चालायचो. आरसे मोठे आहेत, पण मास्तरच्या पँटीला मागून काटे किती लागले ते आरशात दिसत नाही. माणसं शाळेपाशीच उतरून चालत जायची. गाडी कुणासाठी उलटी चाललीय हे कळल्यावर कुणी कुरकुरलं नाही. उलट एकदोघं मला काटे काढायला मदत करायचे आणि हसायचे.

लिंबाखालून उजवा आरसा आता टिटवीकडं लागला. खोकडांचा खेळ बंद. त्याच आरशात मी एक गोष्ट बघितली. रेडिएटरसाठी आणलेल्या कॅनमधलं उरलेलं पाणी आण्णा येताजाता माळावरच्या एका खोलगट जागी ओतायचे. आम्ही गाडीत बसलो की टिटवी त्या डबक्यात जाऊन बसायची, पोटाची पिसं भिजवायची, आणि तुरुतुरु चालत येऊन ओलं पोट अंड्यांवर टेकवायची. माळावरची खडी मे महिन्यात संध्याकाळीसुद्धा चपलेतून भाजते. थोड्या वेळानं ती उठायची, जोडीदार यायचा, तोही तसाच पोट भिजवून.

"कूलर हाय तिचा," आण्णा पुटपुटले. "लाईट बिल न्हाई."

हे असंच निवांत चाललं असतं. पण दगडाबाईनं अंडी बघितली.

पूर्वेच्या ह्या गावांत टिटवीच्या अंड्यांवरून पाऊस सांगतात. अंडी ओढ्यात, सखल जागी घातली तर पाऊस कमी. पाखराला पाण्याचं भय नाही म्हणून ते खाली उतरलं. उंचावर घातली तर पाऊस चांगला. जितकी अंडी तितके महिने. टोकं जमिनीकडं असतील तर आणखी उत्तम. दगडाबाईचा शब्द ह्या बाबतीत शेवटचा. वाकून, डोळे बारीक करून तिनं बघितलं आणि माळावर उभी राहूनच सांगितलं, "बिरोबाच्या दारात, उच्च्या माळावर, चार. टोकं खाली. औंदा मेंढरं लांब न्यायची गरज न्हाई."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गाडी उलटी घेत आम्ही माळावर पोचलो, तर तिथं जत्रा. अंड्यांभोवती चुन्यानं पांढरे केलेले दगड गोल मांडलेले. दगडांवर हळद, कुंकू, भंडारा. उदबत्त्यांचा पुडा पेटवलेला, नारळ फुटलेला. बायका ओट्या घेऊन रांगेत, आणि पप्पू मोबाईल धरून सगळ्याचं रील काढत होता. दोन्ही टिटव्या डोक्यावर घिरट्या घालून जिवाच्या आकांतानं ओरडत होत्या.

"बघा, कशी आनंदली पाखरं," पप्पू मला म्हणाला. "मगाधरनं अशीच गात्यात."

आण्णा गाडीतून उतरले. त्यांचा आवाज तोच, बाळंतिणीच्या खोलीतला.

"पप्पू, गाणं न्हवं रं ते. खाली यायला भित्यात ती. ही पांढरी दगडं आणि एवढी माणसं बघून. मगाधरनं अंडी उन्हात उघडी पडल्यात. दगडं काढा आणि जरा लांब व्हा."

"आवं आण्णा, देवाचं पाखरू ते. देवाला कसलं भ्या? तुमी आष्ट्याचे ऊसवाले. तुमचा पाऊस कॅनॉलनं येतो. टिटवीचं आमाला इचारा."

सगळे हसले. आण्णाही हसले. मग त्यांनी दोघाचौघांना बाजूला घेऊन परत तेच सांगितलं. दगडाबाईला सांगितलं. ती म्हणाली, "पूजा केलेलं मोडायचं नसतं, डायवर." आण्णा गाडीपाशी आले, आरशात बघितलं. एक टिटवी लांबवर उतरली, पांढऱ्या गोलापर्यंत चालत आली, थबकली आणि परत उडाली. अंडी तशीच उघडी. ऊन अजून बरंच होतं.

मग आण्णांनी अंगातला शर्ट सारखा केला. बटणं वरपर्यंत लावली. त्यांनी वरचं बटण लावलेलं मी तोवर पाहिलं नव्हतं.

"हे दगड कुणाच्या परवानगीने टाकले?"

आवाज असा की रांगेतली पोरं आयांच्या मागं गेली. भाषासुद्धा डेपोच्या नोटीस बोर्डावरची.

"ही महामंडळाच्या गाडीची वळायची जागा आहे. टायर फुटला तर जबाबदार कोण? दगड आत्ताच्या आत्ता निघाले पाहिजेत. नाहीतर उद्यापासून गाडी फाट्यावर थांबेल. तिथून चालत यायचं सगळ्यांनी."

पप्पूला आधी वाटलं, चेष्टा चाललीय. "आवं पर तुमी तर गाडी हितं वळवतच न्हाईसा."

"माझी मर्जी. उद्या वळवीन. आणि ह्या माळावर गाडी उभी असताना माणसांनी फिरायचं नाही. नियम आहे."

असा कुठलाही नियम नाही. मी मास्तर, मला विचारलं असतं तर खोटं बोलावं लागलं असतं. पण मला कुणी विचारलं नाही. माणसं आण्णांकडंच बघत होती. एवढी वर्षं ज्या माणसाला त्यांनी घरातला धरला होता, तो टायरच्या गोष्टी करत होता. दगड निघाले. हळदीसकट, धपाधप आपटत. नारळाच्या भकला पप्पूनं स्वतः वेचल्या आणि जाताना मला ऐकू येईल एवढ्यानं म्हणाला, "रिटायर व्हायला आलं की माणूस असं बिथरतं. फेटा आणला हुता आमी ह्यांच्यासाठी. ऱ्हाऊ दे आता."

दगडाबाई घरात गेली आणि दार लावून घेतलं.

त्या संध्याकाळी चहा आला नाही. माझ्या पिशवीत बिस्किटाचा पुडा होता, तो दोघांत खाल्ला. आण्णा पाण्याचा कॅन रिकामा करून आले होते आणि आरशाकडं डोळे लावून बसले होते.

"आली?"

"न्हाई अजून."

मी म्हणालो, "आण्णा, शांतपणानं पटवून दिलं असतं तर?"

"दिलं की. तुझ्यासमोर दिलं. न्हाई पटलं. आता पटंपर्यंत अंडी उकडून द्यायची का?" बिस्किटाचा तुकडा हातात तसाच होता. "माणसाचा राग निवतोय गड्या. अंडं एकदा तापलं की संपलं."

उजेड राखेसारखा झाला तेव्हा आरशात एक पाय दिसला, मग दुसरा. टिटवी डबक्यात बसली, उठली, चालत आली. खळग्याभोवती एक फेरी मारली. आणि बसली.

आण्णांनी श्वास सोडला, तो गाडीच्या एअर ब्रेकसारखा वाजला. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "फेटा कसल्या रंगाचा आणला असंल रं?"

राहिलेले दिवस कठीण गेले. माणसं शाळेपाशी उतरायची आणि "येतो आण्णा" न म्हणता जायची. पोरं माळावर यायची नाहीत, आयांनी दम दिलेला. टिटवीचं ह्यात भलं झालं. तिला आता कुणाचाच उपद्रव नव्हता. तिला तेवढं बरं करून देण्यात आण्णांचा मात्र भाकरी-खरडा गेला. रोज वाटायचं, आज फुटतील अंडी. फुटली नाहीत.

शेवटच्या सकाळी आण्णांनी डबक्यात पाणी ओतलं. गाडीभोवती एक चक्कर मारली, चाकांना लाथ मारून हवा बघितली. दगडाबाईचं दार बंद होतं.

"मास्तर, उद्या नवा डायवर येईल. त्याला सांग. पाणी तू वत."

"सांगतो."

"आरसा हाय तसाच ठेव."

मी डबल बेल दिली. गाडी निघाली. आण्णांनी एकदाही वळून बघितलं नाही. वळून बघायचं नाही हा त्यांचाच नियम. शाळेचं वळण येईपर्यंत नजर उजव्या आरशात होती. डेपोत हार, श्रीफळ, शाल झाली. आष्ट्याच्या गाडीत ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर शाल मांडीवर घेऊन बसले आणि गेले.

नवा ड्रायव्हर वीरधवल. माझ्याच वयाचा, दाढी कोरलेली, एका कानात कायम गाणं. पोरगा वाईट नाही, पण त्याला सगळीकडं लवकर पोचायचं असतं. तासगाव सोडल्यापासून मी त्याला टिटवीचं सांगत होतो.

"एवढी मोठी गाडी रिव्हर्सला. टिटवीसाठी." त्याला हसू आवरेना. "मास्तर, मैदान गोल हाय ना? मग गोल फिरवायची."

मी आर्जवं केली. शाळेपाशी मी घंटी मारली, तर माणसं उतरल्याबरोबर त्यानं गाडी सरळ पुढं दामटली. मी केबिनच्या जाळीवर थापा मारत होतो, आणि काट्यांचं कुंपण दोन्हीकडून मागं पळत होतं.

मग गाडी थांबली.

माळाच्या तोंडाशी रस्त्यात आडवी बाज टाकलेली होती. बाजेवर दगडाबाई, मांडी घालून, काठी मांडीवर. वीरधवलनं हॉर्न वाजवला. ती हलली नाही. परत वाजवला. तिनं पदर सारखा केला. गाडीसमोर असं ठाण मांडलेलं कुणीतरी मी महिन्याभरात दुसऱ्यांदा बघत होतो.

"मागं घे."

"आज्जी, गाडी वळवायची हाय."

"शाळंपाशी वळीव आणि उलटी आण. आण्णा आणत हुता तशी."

"आणि न्हाई आणली तर?"

"तर मी हितंच हाय. भाकरी खाऊन आलीया."

बाजेच्या मागं पप्पू उभा होता. हातात शिट्टी, मान खाली. वीरधवलनं कानातलं गाणं काढलं. गाडी मागं गेली, शाळेपाशी वळली आणि उलटी आली. मागं मी डावीकडं, पप्पू उजवीकडं, "येऊ द्या, येऊ द्या." पप्पूच्या पँटीला काटे लागत होते, आणि मी त्याला सावध केलं नाही.

त्या संध्याकाळी चहा आला. तीन कप.

"दाराच्या फटीतनं बघत हुती मी त्या दिवशी," दगडाबाई म्हणाली. "दगडं निघाली आणि ती बसली. मला तवाच उमगलं, ह्यानं भांडान का काढलं ते."

"मग त्यांना सांगितलं का न्हाई आज्जी?"

"माझं नावच दगडाबाई. लगेच कुठली पाझरती." तिनं कप उलटा करून थेंब झटकला. "आणि मी रुसली हुती की. माझ्या पूजेचं दगड काढाय लावलं त्यानं. रुसली हुती म्हणून काय पाखराच्या अंगावर गाडी जाऊ द्यायची?"

डबक्यात पाणी ओतायला मी कॅन उचलला, तर डबकं आधीच भरलेलं होतं. तिच्या घागरीचं होतं ते. घागर ती लांबून डोक्यावर आणते.

पुढं काही दिवसांनी, एका सकाळी गाडी भरली होती. कॉलेजची पोरं, बाजारच्या पाट्या, कोंबड्या. वीरधवल सीटवर बसला आणि उजव्या आरशाकडं हात नेत म्हणाला, "हा आरसा रोज कोण वाकडा करतंय, मास्तर?" वाकडा मीच करत होतो. पण त्याचा हात आरशापाशी पोचला आणि तिथंच राहिला.

"मास्तर," तो हळू आवाजात म्हणाला. "इकडं या. घंटी मारू नका."

आरशात टिटवी डबक्याकडं चालली होती. तिच्या मागं खडीचे तीन खडे धावत होते. खडेच म्हणायचे, फक्त त्यांना लांब पाय होते. चौथा खळग्यातच होता, ओला, अर्ध्या कवचाशेजारी उभं राहायचा सराव करत. पडायचा, उठायचा, आणि आपण पडलोच नव्हतो असं दाखवायचा.

गाडीतली माणसं एकेक करून उजव्या खिडक्यांपाशी सरकली. पप्पू बाहेर होता, त्यानं खिशातला मोबाईल काढला, आमच्याकडं बघितलं आणि परत खिशात ठेवला. गाडी का सुटत नाही, असं कुणी विचारलं नाही. चौथा खडा पळत सुटला, बाकीच्यांना जाऊन मिळाला, तेव्हा वीरधवल म्हणाला, "आता द्या." मी डबल बेल दिली. आरसा त्यानं तसाच ठेवला आणि शाळेपर्यंत खिडकीतून मान काढून गाडी चालवली.

माळ उतरायच्या आधी एका चढावर रेंज येते. वीरधवलनं न सांगता तिथं गाडी थांबवली. मी आण्णांना फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला.

"किती?" हॅलो नाही, काही नाही.

"चार."

पलीकडून उसाला पाणी सोडल्याचा आवाज येत होता.

"आजच्या कोकरेवाडीच्या गाडीला जागा हाय का रं?"

"तिला जागा कधी नसते?"

"मग डायवरच्या मागची ठेव."

"ठेवतो. आणि आण्णा, पिवळा हाय."

"काय?"

"फेटा. पप्पूनं काल दाखवला. भंडाऱ्यासारखा पिवळाधमक."

फोनमध्ये खरखर झाली, मिशांवरून हात फिरवला असावा.

"माझं डोकं मोठं हाय," मग म्हणाले. "कापड पुरंल का, तेवढं बगाय सांग त्याला."